ते वाक्य तुम्ही कंसात का लिहिलंत?

पत्र थोडक्यात असं: वय ३१. कळव्यात आईवडील आणि धाकट्या भावासोबत राहते, नोकरी ऐरोलीतल्या एका आयटी पार्कात. हातात पगार येतो ५८,०००. त्यातले १८,००० घरात, ४,७०० भावाच्या बाईकचा हप्ता, ५,००० ऑफिसातल्या बाराजणींची भिशी, ८,००० क्रेडिट कार्डाला, ५,००० प्रवास आणि बाहेरचं खाणं. शिवाय मामांकडून घेतलेल्या तीन पॉलिसींचे वर्षाला ३८,४००. बाकीचे कुठे जातात कळत नाही, २५ तारखेनंतर खात्यात हजार-बाराशे उरतात. कार्डावर ‘दीडेक लाख’ थकलेत (त्यातले ९० हजार दोन वर्षांपूर्वी आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचे, घरी वाटतं मेडिक्लेममधून भागलं). वडील ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झाले. ‘मी चौदा हजारांत घर उभं केलं, तुला अठ्ठावन्न पुरत नाहीत?’ असं ते अधूनमधून म्हणतात. प्रश्न असा: मी मुळातच उधळी आहे का? रुपया-रुपया लिहायचं ॲप सुरू करू, ताबडतोब एसआयपी (दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम) सुरू करू, की सहकारी म्हणतो तसे २५ हजार घालून शेअर बाजारातले ऑप्शन्स शिकू?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. उधळेपणाची खूण शोधत होते. महागडा फोन नाही, दर महिन्याची खरेदी नाही, ट्रिपा नाहीत. सापडलं ते वेगळंच. भावाचा हप्ता तुम्हाला शंभरापर्यंत पाठ आहे. पॉलिसींचा आकडाही पाठ आहे. भिशी, घरखर्च, डब्याव्यतिरिक्तचा वडापाव, सगळं तुम्ही नेमकं लिहिलंय. फक्त स्वतःच्या कर्जाला ‘दीडेक लाख’. आणि पुढे तुम्हीच लिहिता, ‘१८ तारखेला स्टेटमेंटचा मेसेज येतो तेव्हा मी फोन पालथा घालते.’

मला वाटतं तुमच्या सगळ्या पत्राचं मर्म त्या पालथ्या फोनात आहे, आणि त्या कंसात. नव्वद हजार आईच्या ऑपरेशनला गेले हे वाक्य तुम्ही कंसात का लिहिलंत? कर्जाचा अर्ध्याहून मोठा भाग आईला बरं करण्यात गेला. ही पत्रातली सगळ्यात ठळक गोष्ट होती, आणि तुम्ही ती खालच्या आवाजात सांगून टाकलीत. का, तर घरी कोणाला सांगितलेलंच नाही. जी गोष्ट घरात बोलायची चोरी, ती मनातसुद्धा आपण हळूच बोलतो. मग तिच्यावरचं व्याज वाढत राहतं आणि दोष जातो स्वभावावर.

आता बाबांच्या चौदा हजारांबद्दल. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे. त्यांच्या काळात पगार हातात येण्याआधीच पीएफ कापलेला असायचा, कंपनीच्या पतपेढीची वर्गणीही पगारातूनच जायची. उरलेल्यावर घर चालायचं. म्हणजे ज्याला ते शिस्त म्हणतात तिचा बराच भाग पगाराच्या पावतीतच छापून यायचा. पीपीएफ या सरकारी बचत योजनेवर १९८६पासून २०००च्या जानेवारीपर्यंत १२ टक्के व्याज होतं, नव्वदीत पीएफवरही तितकंच. महागाई तेव्हाही कमी नव्हती हे खरं. तरी डोकं न चालवता बारा टक्के मिळत होते. पीपीएफवर एप्रिल २०२०पासून ७.१ टक्के आहे.

आणि आणखी एक फरक, मला सगळ्यात मोठा वाटतो तो. बाबांना कर्ज हवं असलं तर पतपेढीत अर्ज करावा लागे, दोन जामीनदार आणावे लागत. म्हणजे निदान दोन माणसांना तोंड उघडून सांगावं लागे की बाबा रे, मला एवढे हवेत आणि यासाठी हवेत. तुम्हाला हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड पुढे केलं की झालं. कोणाला काही सांगावं लागलं नाही. सोय मोठी होती, वेळही तशीच होती. पण तिथूनच ते कर्ज एकटं पडलं आणि तुम्हीही.

माझ्या लहानपणी नौपाड्यात आमच्या दोन खोल्यांच्या घरात आईचा बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा होता. जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं ती जपून ठेवायची आणि त्यांवर पेन्सिलीनं लिहायची: वाणी, दूध, भाडं, शाळा, गावाला. एका पाकिटावर काहीच लिहिलेलं नसायचं. ते ‘काय येईल ते’ यासाठी. आईचे पैसे कायम पुरायचे असं मुळीच नाही. महिन्याच्या शेवटी वाण्याच्या पाकिटातले भाड्याला जायचे, दुधातले शाळेला. पण घेताना ती त्या पाकिटात चिठ्ठी टाकायची: ‘यातून २० घेतले, शाळेच्या वहीला.’ वडिलांनी डबा उघडला तर त्यांनाही ती दिसायची, मलाही. पुढे पगार झाला की आधी चिठ्ठ्या काढून टाकल्या जायच्या. मला पैशाची सवय म्हणून जे काही आहे ते त्या चिठ्ठीतून आलंय. तुमच्या घरातही पाकिटातून पाकिटात पैसे गेलेत, फक्त चिठ्ठी टाकायची राहिली आहे.

म्हणून पहिलं काम ॲप नाही, एसआयपीही नाही. येत्या रविवारी सकाळी चहा घेऊन बसा, शंभर पानी वही घ्या आणि कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट उघडा. तीनच आकडे लिहा: एकूण थकबाकी, या महिन्यात लागलेलं व्याज आणि त्यावरचा जीएसटी, व्याजाचा मासिक दर. मग बँकेच्या खात्याचा तीन महिन्यांचा उतारा काढा.

बघाल तेव्हा काय दिसेल त्याचा अंदाज मी आत्ताच देते. थकबाकी १,४८,००० धरू, व्याज महिना ३.६ टक्के. बहुतेक कार्डांचा दर याच्याच आसपास असतो. महिन्याचं व्याज होतं सुमारे ५,३३०, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून जवळजवळ ६,३००. तुम्ही भरता ८,०००. म्हणजे दर महिन्याला मुद्दल कमी होते जेमतेम १,७००नं. एक रुपयाचीही नवी खरेदी न करता असंच भरत राहिलात तर ३७ महिने लागतील आणि एकूण जवळपास २,९६,००० जातील. मुद्दलाच्या दुप्पट. आणि नवी खरेदी तर तुम्ही करता आहात. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपते, मग परवा घेतलेल्या किराण्यावरही घेतल्या दिवसापासून व्याज चालू होतं. हे बहुतेकांना माहीत नसतं. ‘किमान रक्कम’ भरली म्हणजे आपण वेळेवर आहोत असंच वाटतं.

तेव्हा कार्ड आजपासून कपाटात. मोडू नका, बंदही करायची घाई नको, फक्त पाकिटातून बाहेर काढा. खरेदीच्या आणि जेवण मागवायच्या ॲपांमध्ये त्याचा नंबर साठवलेला असतो, तोही काढून टाका. हे दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं.

मग ते महिना ३.६, म्हणजे वर्षाला ४३ टक्क्यांचं कर्ज स्वस्त कर्जात न्यायचं. इथे तुमच्याकडे एक गोष्ट आहे जिच्याकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही: भिशी. बाराजणी, पाच-पाच हजार, म्हणजे नंबर लागला की ६०,०००. तुम्ही लिहिलंय की तुमचा नंबर अजून लागायचाय. भिशीला हल्ली लोक नाकं मुरडतात, व्याज मिळत नाही म्हणून. माझं मत तसं नाही. ओळखीच्या बायकांची, वर्षभराची, लहान रकमेची भिशी ही बाबांच्या पतपेढीचीच बहीण आहे, पगार झाला की आधी बाजूला काढायला लावते. त्या अकराजणींत जिचा नंबर आधी आहे आणि जिला घाई नाही, तिच्याशी अदलाबदल करून घ्या. कारण सांगायला लाजू नका. माझा अनुभव असा की एकीनं सांगितलं की दुसरी म्हणते, अगं माझंही तसंच आहे.

साठ हजार कार्डात भरले की उरतात ८८,०००. त्याला तुमच्या पगाराच्या खात्याच्या बँकेत पर्सनल लोन विचारा. १४ टक्क्यांनं, १२ महिन्यांसाठी मिळालं तर हप्ता येतो सुमारे ७,९००. आत्ता कार्डाला जातात तेवढेच आठ हजार, पण ३७ महिन्यांऐवजी एका वर्षात मोकळ्या. प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, हे सहीच्या आधी विचारायचं. लोन नाकारलं तर कार्डाच्याच बँकेला थकबाकी हप्त्यांत बदलून मागा. दर पर्सनल लोनपेक्षा जास्त असेल, तरी ४३ टक्क्यांच्या बराच खाली.

आणखी एक मार्ग आहे आणि तो सगळ्यात स्वस्त आहे. निवृत्तीनंतर बाबांनी एफडी केल्याच असतील. एफडीवर कर्ज मिळतं, एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दरानं, आणि एफडी मोडावी लागत नाही. पण हा मार्ग मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते, कारण त्यांच्या म्हातारपणाचा पैसा अडकतो. वापरायचाच तर लेखी हप्ता ठरवून, बँकेला भरता तसा बिनचूक. एफडीचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्या कुठे ठेवल्यात ते बघा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक बँकेमागे व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे, फेब्रुवारी २०२०पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. ठाण्यात कितीतरी घरांत हा फरक माहीत नसतो, पाटीवरची नावं दिसायला सारखीच असतात.

आता ते ‘कुठे जातात कळत नाही’वाले पैसे. तुमचेच आकडे मी मांडून पाहिले. पॉलिसींचे महिन्याला ३,२०० धरून ४३,९०० होतात, उरतात १४,१००. तीन महिन्यांचा उतारा बघाल तेव्हा त्यात यूपीआयनं गेलेले चाळीस, ऐंशी, एकशेवीस रुपये दिसतील, आणि त्यांच्यावर तुम्ही लगेच रागावाल. रागावू नका. माझा संशय दुसऱ्या खर्चांवर आहे. गणपतीला गावाला जाणं, दोन-तीन लग्नांचे आहेर, दिवाळीचे कपडे, भाऊबीज, गॅसची शेगडी बिघडणं. गणपती दरवर्षी येतात आणि दरवर्षी आपण तो खर्च ‘अचानक आला’ म्हणतो. वर्षभराच्या अशा खर्चांची यादी करा, बेरजेला बारानं भागा. ६०,००० होत असतील तर महिन्याला ५,०००. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तेवढे आपोआप दुसऱ्या खात्यात जातील अशी सोय बँकेत करून ठेवा. त्या खात्याला एटीएम कार्ड घेऊ नका, फोनमधल्या यूपीआयलाही जोडू नका. त्यातच आणखी दोन हजार ‘काय येईल ते’ या नावानं. कर्ज फिटेपर्यंत बचत कशाला, असं कोणी हिशेबी माणूस म्हणेल आणि व्याजाच्या गणितात तो बरोबर असेल. पण हातात काहीच नसलं तर पुढच्या दुखण्याला पुन्हा कार्डच बाहेर निघतं. वर्षानंतर कर्ज संपलं की ते आठ हजार मोकळे होतात, तेव्हा हा डबा तीन महिन्यांच्या खर्चाएवढा भरा. एसआयपी त्याच्यानंतर. दीर्घ मुदतीसाठी ती चांगली आहे, पण ४३ टक्के भरत असताना कुठलीही एसआयपी तुम्हाला त्याच्या वर नेणार नाही.

ॲपबद्दल: रुपया-रुपया लिहिणं फार थोड्यांना जमतं. बाकीच्यांचं तिसऱ्या आठवड्यात सुटतं आणि मग आणखी एक अपराधी भावना जमा होते. दर रविवारी वीस मिनिटं वही उघडून चार आकडे बघा, तेवढं पुरतं.

ऑप्शन्सचं मात्र स्पष्ट सांगते: नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांचा तोटा झालेला दिसला, तोही खर्च धरून सरासरी माणशी सुमारे २ लाखांचा. तुमचा सहकारी वाईट माणूस नसेल. तो तुम्हाला त्याच्या नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवतोय. त्याला वर्षाचा एकूण हिशेब मागून बघा.

मामांच्या पॉलिसींचा प्रश्न नाजूक, कारण तिथे पैशाबरोबर नातं आहे. तिन्ही मिळून विमा ६ लाखांचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या पगारावर आई-बाबा टेकलेले असताना सहा लाख म्हणजे घराचा दीड-दोन वर्षांचा खर्च. घाईनं सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका, सुरुवातीच्या वर्षांत बरंच नुकसान होतं. प्रत्येक पॉलिसीसाठी कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली तर मुदतीअखेर किती. ते हातात आल्यावर ठरवा. दरम्यान एक साधा टर्म विमा घ्या, ज्यात बचत नसते, फक्त विमा असतो. तुमच्या वयाला, व्यसन नसेल तर, एक कोटीचा हप्ता वर्षाला साधारण दहा-पंधरा हजारांच्या घरात येतो. तो आधी हातात येऊ दे, मगच जुन्यांना हात लावा. तोवर सरकारी योजनांमधून, बँकेतूनच, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवनज्योती आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघाती विमा मिळतो, तो या आठवड्यात करून टाका. मामांना खरं तेच सांगा: ‘मामा, मला आता जास्त रकमेचा विमा हवाय, बचत मी वेगळी करणार आहे.’ तुम्ही त्यांना नाकारत नाही आहात.

आणि आई-बाबांचं आजारपण. हे सगळं सुरू झालं ते तिथून, आणि पुन्हा होऊ शकतं ते तिथेच. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये पालकांना जोडता येतं का, हप्ता स्वतः भरून का होईना, हे एचआरला विचारा. ती खिडकी बहुधा वर्षातून एकदाच उघडते. वेगळा आरोग्यविमा घेतलात तर आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून तो जितका लवकर तितका बरा. फॉर्मवर आईचं ऑपरेशन आणि बाबांची शुगर असेल तर ती खरी लिहायची, एजंट ‘राहू द्या हो’ म्हणाला तरी.

नोकरी बदलताना दोन्ही वेळा पीएफ काढून घेतलात, ते गेलं. पुढच्या वेळी यूएएनवरून, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकावरून, नव्या कंपनीत वळवून घ्या. बाबांच्या पावतीत होती ती आपोआप कपात तुमच्याही पावतीत आहे, २०२४-२५ साठी तिच्यावर ८.२५ टक्के मिळाले. तिला तरी हात लावू नका.

भावाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘त्याला आत्ताच नोकरी लागलीय, त्याच्याकडून काय घ्यायचं.’ मला वाटतं हप्ता त्याच्या खात्यावरून जायला लागायची वेळ आलीय, सगळा नाही तर अर्धा. त्याच्या पहिल्या पगारांपासून त्याला हे कळणं त्याच्याही भल्याचं आहे. पण हे त्याला कार्डाची गोष्ट सांगितल्याशिवाय मागू नका, नाहीतर ताई अचानक चिकट झाली एवढंच त्याला कळेल.

घरी सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय असं मला वाटलं. रविवारी वही भरून झाली, भिशीचं आणि बँकेचं बोलून झालं, की सांगा. हातात कागद असू दे. पुढच्या बारा महिन्यांचे हप्ते त्यावर लिहिलेले असू देत, म्हणजे बाबा काळजीनं सल्ले द्यायला लागले तरी तुमच्याकडे दाखवायला रस्ता असेल. आईला स्वयंपाकघरात आधी एकटीला सांगितलं तर चालेल. तिला वाईट वाटेल की तिच्यामुळे झालं, त्यासाठी थोडा वेळ द्या. बाबा पहिल्या क्षणी चिडतील, कदाचित ‘मला का नाही सांगितलंस’ एवढंच म्हणतील. त्याला उत्तर म्हणून माफी मागत बसू नका. त्यांना सांगताना कार्डाचा आकडा आधी सांगू नका, ऑपरेशनचा आधी सांगा. ‘आईच्या ऑपरेशनचे नव्वद हजार मेडिक्लेममधून आले नव्हते बाबा, मी भरले होते.’ मग थांबा, त्यांना ते ऐकू दे, आणि त्यानंतर वही उघडा.